छावणीतला शिधा आणि बंदूक : आपण दिलेलं धान्य कुणाच्या ताटात जातं?

चेंबूरकरीण

आमच्या इमारतीतल्या आम्ही नऊ जणी दर दिवाळीला फराळ करून विकतो आणि खर्च वजा जाता जे उरतं ते कुठेतरी देऊन टाकतो. आजवर ते पैसे पूरग्रस्तांना गेले, एका वर्षी पालघरकडच्या मुलींच्या वसतिगृहाला गेले. यंदा ३८,००० रुपये उरले. मी म्हटलं, निर्वासितांच्या छावण्यांतल्या मुलांसाठी देऊ या. भांडी घासता घासता सगळ्या हो म्हणाल्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका रिकामा डबा द्यायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, "अगं, तो तांदूळ पोरांच्या आधी बंदूकवाल्यांच्या ताटात जातो. छावण्या म्हणजे भरतीचे अड्डे. उद्या तेच पोर कुणावर तरी गोळ्या झाडेल, तुमच्या चकल्यांच्या पैशावर."

सगळ्या गप्प झाल्या. मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. गेले तीन आठवडे मिळेल ते वाचते आहे. खरं सांगायचं तर काका साफ चुकीचं बोलले नव्हते.

सगळ्यात जास्त हादरवलं ते गोमाने. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या काळात रवांडात सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक अल्पसंख्य तुत्सी समाजातली, मारणारे बहुसंख्य हुतू समाजातले. जुलैत तुत्सींचं बंडखोर सैन्य जिंकलं आणि सूडाच्या भीतीने लाखो हुतू काही दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा शहरात शिरले. लगेच कॉलऱ्याची साथ आली. जेमतेम महिन्याभरात ५०,००० च्या आसपास माणसं गेली. जमीन सगळी ज्वालामुखीच्या दगडाची. कबरी खणता येईनात, शौचालयांचे खड्डे खणता येईनात. जगभरातून विमानं भरभरून मदत आली.

पण त्या गर्दीत कत्तल करणारेही होते. हरलेलं अख्खं सैन्य, इंटरहाम्वे म्हणवणाऱ्या टोळ्या, आणि गावोगावचे सरपंच म्हणावेत असे पुढारी. मदत करणाऱ्यांपुढे लाखो तोंडं, आणि यादी कुणाकडेच नाही. मग त्यांनी जे कुणालाही सुचलं असतं तेच केलं: तुमचे पुढारी कोण, पुढे या, माणसं मोजून द्या. पुढे आले ते तेच. त्यांनी माणसं फुगवून मोजली, जास्तीचं धान्य विकलं, स्वयंसेवी संस्थांकडे नोकरी करणाऱ्यांकडून वाटा घेतला, आणि त्यावर सैन्य पुन्हा उभं करायला घेतलं. परत मायदेशी जाऊ म्हणणाऱ्याला गद्दार ठरवून मारलं. १९९४ च्या नोव्हेंबरात 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'ची फ्रेंच शाखा "आम्ही यात सामील होणार नाही" म्हणून छावण्या सोडून गेली. बाकी बऱ्याच संस्था थांबल्या, कारण छावणीत बायका-मुलं होती आणि ती मेली असती.

मला वाटतं गडबड झाली ती यादीत. माणसं मोजली कुणी आणि पळी कुणाच्या हातात होती, यावर सगळं ठरलं. पण मी तज्ज्ञ नाही. इथे सैन्यात होते, मदतकार्यात होते असे लोक आहेत हे मला माहीत आहे. कृपया लिहा. रविवारी आम्हाला ठरवायचं आहे.

मुलुंड_पूर्व

काका बरोबर आहेत, आणि गोमा हा एकटाच दाखला नाही. ऐंशीच्या दशकात तीस लाखांहून जास्त अफगाण पाकिस्तानात आले होते. तिथे शिधापत्रक हवं तर आधी पेशावरच्या, सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्या सात मुजाहिदीन पक्षांपैकी एकात नाव घालावं लागे. म्हणजे पोटाला हवं तर पक्ष निवड, आणि पक्ष म्हणजे बंदूक. ही गळती नव्हती, व्यवस्थाच तशी होती. पैसे देणाऱ्या देशांना ते माहीत होतं आणि चालत होतं.

आपण ३८,००० ची गोष्ट करतोय, ती रक्कम समुद्रात थेंब आहे हे खरं. पण थेंब कुठे पडतो ते आपल्याला कळतच नसेल तर टाकावा कशाला? पालघरचं वसतिगृह दोन तासांवर आहे. जाऊन ताट बघता येतं. माझं मत : जिथे ताट बघता येत नाही तिथे पैसे देऊ नयेत. कुणाच्या दुःखाबद्दल मी उदासीन आहे असं कृपया समजू नका.

निवृत्त_वैद्य

मी सैन्यातला डॉक्टर. आता डोंबिवलीत असतो. गोमात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठीच्या भारतीय सैन्याच्या रुग्णालयात मी काही काळ होतो. १९९४ नंतर पुष्कळ वर्षांनी, त्यामुळे त्या छावण्या मी पाहिलेल्या नाहीत. पण त्यांचे परिणाम आम्ही निस्तरत होतो असं म्हणता येईल. त्या छावण्यांत पुन्हा जमलेल्या लोकांतूनच पुढे जंगलातले सशस्त्र गट निघाले, आणि त्यांच्याविरुद्ध दुसरे गट. हे चक्र अजून थांबलेलं नाही.

एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. 'भरती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस भरती येते. पहाटे रांग, छाती मोजायची, सोळाशे मीटर धावायचं. मीही तिथे तसंच समजत होतो. आमच्याकडे मांडीत गोळी लागलेला एक मुलगा आला, चौदा-पंधराचा असेल. दुभाष्यामार्फत विचारलं, का गेलास? तो म्हणाला, मी गेलो नाही. लाकूडफाटा आणायला गेलो होतो, वाटेत माणसं भेटली, म्हणाली हे पोतं पुढच्या गावापर्यंत उचल. उचललं. रात्र झाली. दुसऱ्या दिवशी दुसरं पोतं. तिसऱ्या दिवशी घरी जावं तर गावातले म्हणणार हा त्यांच्यातला. मग राहिला.

पोत्यात काय होतं, मी विचारलं. मक्याचं पीठ.

त्या मुलाला कुणी तांदळाचं आमिष दाखवलं नव्हतं. त्याच्या पाठीवर कुणाचं तरी लुटलेलं पीठ ठेवलं होतं. मुलुंड_पूर्व, तुमचा मुद्दा मी खोडत नाही. धान्याचा आणि बंदुकीचा संबंध असतो, पण तो दर वेळी "दिलं म्हणून भरती झाली" असा सरळ नसतो. कधी न दिल्यानेही होते, कधी रस्ता सुरक्षित नसल्याने होते.

गोमाच्या कॉलऱ्याबद्दल, डॉक्टर म्हणून. १९७१ साली बनगावला बांगलादेशी निर्वासितांत अशीच साथ होती. सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपं भरून मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणलं. आज मुंबईतल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळणारी ती पुडी जगाने मान्य केली, त्यात त्या छावणीतल्या मदतीचा मोठा वाटा आहे. हेही त्याच वहीत लिहिलेलं असावं.

कॅम्प_नंबर_तीन

मी सिंधी. जन्म उल्हासनगरचा, शाळा मराठी. माझं गाव हीच मुळात छावणी होती हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना त्यांत ठेवलं. पाच कॅम्प. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं, पण आम्ही पत्ता सांगताना अजून 'कॅम्प नंबर तीन'च म्हणतो.

आजी सांगायची : एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये तरटाचे पडदे, शिध्याची रांग. तरणी पोरं होती, घरं जळालेली होती, डोक्यात राग होता. सगळं सामान तयार होतं म्हणा ना. तरी आमच्या कॅम्पातून सैन्य का उभं राहिलं नाही?

मी यावर खूप विचार केला आहे. आजोबांनी दुसऱ्याच आठवड्यात लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायला सुरुवात केली. कुणी अडवलं नाही. परवाना, पास, कुंपण काही नव्हतं. फुकटचा शिधा थांबला तेव्हा घरात रडारड झाली, पण तोवर आजोबांचा धंदा लागला होता. पोरांना शाळा होती. आणि देश आपलाच होता, मतदानाचा हक्क होता. सीमा तर शेकडो मैल लांब. रागाने पेटून कुणी निघालं असतं तरी पोचलं नसतं.

गोमा कुठे आहे ते मी आत्ता नकाशात पाहिलं. अगदी सीमेवर. एका बाजूला गोमा, पलीकडे लगेच रवांडाचं शहर. जणू चेंबूर आणि कुर्ला.

चेंबूरकरीण

कॅम्प_नंबर_तीन, मी चेंबूर कॅम्पाच्या बाजूलाच वाढले आणि 'कॅम्प' या शब्दाचा कधी विचारच केला नव्हता. तिथल्या मैत्रिणीच्या आजीकडे दाल-पकवान खायला जायचे, एवढंच. धन्यवाद, मनापासून.

वैद्यकाका, ते पोतं डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

नाफकाठ

ठाण्याची आहे. २०१८-१९ मध्ये कॉक्स बझारच्या कुतुपालाँग छावणीत पाण्याच्या कामावर होते. आधी वाटलं लिहू नये, पण वरचं सगळं वाचून राहवलं नाही. लांबेल, माफ करा.

ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले. आधीचे धरून दहा लाखांच्या घरात. टेकड्यांवरची झाडी तोडून बांबू-ताडपत्रीच्या खोपट्या. धारावी पाहिलेल्या माणसालाही ती दाटी पचत नाही, कारण धारावीत पोटमाळ्यावर का होईना काम चालतं. इथे काम करायला कायद्याने परवानगी नाही. छावणीबाहेर जायला परवानगी नाही. पुढे काटेरी कुंपणही घातलं.

आता यादीबद्दल. गर्दी आली तेव्हा बांगलादेशी लष्कराने वाटपासाठी दर शंभरेक कुटुंबांमागे एक 'माझी' नेमला. म्हणजे मुकादम. घाईत नेमलेला, निवडून आलेला नाही. काही माझी फार चांगले होते. काही नाव लिहायचे पैसे घेत. बायका मला नळावर सांगत, माझीला खूश ठेवलं नाही तर ताडपत्री मिळत नाही. गोमाचंच लहान रूप. मग २०१८ च्या जूनपासून संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि बांगलादेश सरकार यांनी मिळून बोटांचे ठसे आणि बुबुळं घेऊन प्रत्येक माणसाची नोंद करायला घेतली. नंतर शिधा थेट कुटुंबाच्या कार्डावर आला, दुकानातून स्वतः निवडून घ्यायचा. माझीचा हात त्यातून बराचसा निघाला. म्हणजे यादी सुधारता येते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. (त्याच नोंदीची लोकांना भीतीही वाटत होती. ही माहिती म्यानमारला गेली तर? ती भीती वेडगळ नव्हती.)

पण यादी सुधारून संपत नाही. दुपारी चारच्या सुमारास आम्हाला सगळ्यांना छावणीबाहेर पडावं लागे. एक मुलगा मला म्हणाला होता, "आपा, दिवसा तुम्ही असता, रात्री ते असतात." ते म्हणजे आर्सा, आरएसओ हे रोहिंग्यांचेच सशस्त्र गट आणि इतर टोळ्या. मोहिबुल्लाह यांचं नाव कदाचित ऐकलं असेल. २०१७ च्या हल्ल्यांत कोण कोण मारलं गेलं याची खोपटी-खोपटीत फिरून नोंद करणारा माणूस. त्यांनीही यादीच केली, मेलेल्यांची. २९ सप्टेंबर २०२१ ला छावणीतच त्यांना गोळ्या घातल्या. बंदुकीशिवाय पुढारी होता येतं असं दाखवणारा माणूस टोळ्यांना नको होता, असं मला वाटतं.

आणि मग पैसे आटले. माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा होता, तो २०२३ च्या मार्चमध्ये १० वर आणि जूनमध्ये ८ वर आणला. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये, दिवसाला बावीस. ठाण्याला स्टेशनबाहेर एक वडापाव आणि वर थोडी चिल्लर. काम करू देत नाहीत, शिधा कापला, मोठ्या मुलांना धड शाळा नाही. आता टोळीचा माणूस रात्री येऊन काय सांगेल?

२०२४ मध्ये नेमकं तेच झालं. म्यानमारच्या लष्कराला आराकान आर्मी या तिथल्या बंडखोर सैन्याशी लढायला माणसं कमी पडत होती. फेब्रुवारीत त्यांनी सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा लागू केला, आणि तिकडच्या रोहिंग्या तरुणांना उचललंच, शिवाय छावणीतल्या टोळ्यांनी इथल्या मुलांनाही पकडून, धमकावून, पैशाचं आणि नागरिकत्वाचं आमिष दाखवून सीमेपार पाठवलं. ज्या लष्कराने २०१७ मध्ये यांची गावं जाळली त्याच लष्करासाठी लढायला! १९८२ च्या कायद्याने ज्यांचं नागरिकत्व काढून घेतलं त्यांना नागरिकत्वाचं गाजर. आईबाप मुलांना रात्री दुसऱ्या खोपट्यात झोपवत, लांबच्या नातेवाइकांकडे पाठवत. माझ्या जुन्या सहकारिणींचे फोन यायचे, त्यांचा आवाज बसलेला असायचा.

मुलुंड_पूर्व, तुम्ही म्हणता मदत दिली की भरती होते. मी पाहिलं ते असं, की शिधा सर्वात कमी झाला त्याच्या पुढच्याच वर्षी भरती सर्वात वाढली. तेवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही, सीमेपलीकडे युद्ध पेटलं होतं. पण उपाशी, रिकामा आणि कोंडलेला मुलगा टोळीला फुकटात मिळतो.

मुलुंड_पूर्व

नाफकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १२ वरून ८ हा मुद्दा मला माहीत नव्हता.

तरी एक शंका राहते. तुम्हीच म्हणता रात्री ते असतात. मग दिवसा कार्डावर मिळालेला तांदूळ रात्री त्यांनी मागितला तर कुटुंब नाही कसं म्हणेल? ठसे घेऊन तुम्ही माझीला टाळलं, बंदूकवाल्याला कसं टाळणार?

पाचपैसे

मी गिरगावातला, टपाल खात्यातून निवृत्त. वय ७८. नातू टाइप करून देतो आहे.

१९७१ च्या नोव्हेंबरची १५ तारीख. त्या दिवसापासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. तिकिटं छापून आली नव्हती म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रेफ्यूजी रिलीफ' असा शिक्का मारून सुरुवात केली. मी नवीनच लागलो होतो. खिडकीवर लोक कुरकुरत. महागाई होती, पाच पैसे तेव्हा पाच पैसे होते. एक म्हातारी रोज कोकणात मुलीला पत्र टाकायची, ती म्हणाली, "कुणाच्या तरी पोराच्या तोंडात जातायत ना, मग घे." १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत ते तिकीट चालू होतं. तेव्हा पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सुमारे एक कोटी माणसं भारतात आली होती.

म्हणजे तुमच्या आधी आख्ख्या देशाने हा प्रश्न पाच-पाच पैशांनी सोडवला आहे, बाई. कुणी विचारलं नाही की त्यातून बंदूक निघते का.

माटुंगा_२२

आजोबा, आदर ठेवून लिहितो. बंदूक निघाली होती की! सीमेवर निर्वासितांतल्या तरुणांसाठी युवा शिबिरं होती, तिथून निवडून मुक्तिवाहिनीत घेत आणि प्रशिक्षण आपलं सैन्य देत असे. आपण त्याचा अभिमान बाळगतो. माझ्या शाळेच्या पुस्तकात तो धडा अभिमानानेच शिकवला होता.

तिबेटी निर्वासितांचंही तेच. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनशी युद्ध चालू असतानाच, भारताने त्यांच्यातून स्पेशल फ्रंटियर फोर्स ही गुप्त फौज उभी केली. ती माणसं १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरांत लढली. स्वतःच्या देशासाठी लढायला मिळेल या आशेने भरती झालेली माणसं दुसऱ्याच देशाच्या स्वातंत्र्यासाठी मेली.

मग नियम काय? आपल्या बाजूचं असेल तर स्वातंत्र्यसैनिक आणि समोरचं असेल तर छावणीतली भरती? मला खरंच कळत नाहीये, वाद घालायचा म्हणून विचारत नाही.

पाचपैसे

बाळा, तुझं बरोबर आहे. मी ते विसरलो नव्हतो, लिहायचं टाळलं. त्या मुलांत माझ्या वयाची मुलं होती. मी खिडकीवर तिकिटं विकत होतो आणि ती सीमेवर होती.

फोर्टातली_वकील

माटुंगा_२२ चा प्रश्न या धाग्यातला सर्वात अवघड प्रश्न आहे. कायदा त्याला अर्धंच उत्तर देतो, पण ते अर्धं महत्त्वाचं आहे.

निर्वासित ही नागरी ओळख आहे. हातात शस्त्र धरून लढणारा माणूस, तो कितीही न्याय्य कारणासाठी लढत असो, त्या काळात निर्वासित म्हणून शिध्याचा हकदार नसतो. १९५१ च्या निर्वासित कराराच्या पहिल्या कलमात तर स्पष्ट आहे की युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे केलेल्यांना हे संरक्षण मिळूच नये. म्हणजे गोमात खुनी आणि निर्वासित वेगळे करायला हवे होते, कायद्यानेच. केले नाहीत, कारण ते काम मदत करणाऱ्या संस्थांचं नव्हे, पोलिसांचं किंवा सैन्याचं. तेव्हाच्या निर्वासित उच्चायुक्त सादाको ओगाता मदत मागत राहिल्या, सरचिटणीस बुत्रोस घाली यांनी देशोदेशी सैनिक मागितले, जवळपास कुणी दिले नाहीत. शेवटी १९९५ मध्ये झाईरचेच दीडेक हजार सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या पैशाने छावण्यांत ठेवावे लागले. १९९६ च्या अखेरीस युद्धच छावण्यांत घुसलं. काही लाख रवांडात परत गेले, काही लाख पश्चिमेला जंगलात पळाले आणि त्यातले असंख्य मारले गेले. त्यांत सगळे खुनी नव्हते. लहान मुलं होती.

कॅम्प_नंबर_तीन यांनी सीमेच्या अंतराचं जे लिहिलं ते आफ्रिकी देशांनी १९६९ च्या आपल्या निर्वासित करारातच लिहून ठेवलंय : निर्वासितांना मायदेशाच्या सीमेपासून पुरेशा अंतरावर वसवावं. गोमात हे पाळलं नाही. कॉक्स बझारमध्येही सीमा जवळच आहे.

मुलांबद्दल मात्र कायदा बराच स्पष्ट आहे. पंधरा वर्षांखालच्यांची भरती हा युद्धगुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिलावहिला निकाल, २०१२ चा, याच गुन्ह्यासाठी होता : काँगोचा टोळीप्रमुख थॉमस लुबांगा, १४ वर्षांची शिक्षा. आणि बालहक्क करारासोबतच्या २००० च्या जोडकरारानुसार सरकारी सैन्य नसलेल्या गटांना अठराखालचं मूल घेताच येत नाही, ते स्वतःहून आलं तरी. स्वातंत्र्याची लढाई असली तरी. माटुंगा_२२, निदान तिथे तरी "आपली बाजू, त्यांची बाजू" चालत नाही.

आणखी एक. भरती नेहमी टोळ्याच करतात असं नाही. २००९ मध्ये केनियातल्या दादाब छावणीतून सोमाली तरुणांना गुपचूप उचलून सोमाली सरकारसाठी लढायला प्रशिक्षण दिलं गेलं, आणि त्यात केनियाचे अधिकारी सामील होते. आश्रय देणारं सरकारच भरती करत असेल तर शिध्याला दोष देऊन काय होणार?

(भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे नको.)

नाफकाठ

मुलुंड_पूर्व, तुमच्या शंकेचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. रात्री मागितला तर कुटुंब देतं. आम्हाला ते कळायचं. कोणत्या खोपटीत शिधा महिनाअखेरीआधी संपतो आणि का, हे नळावर बायका न सांगता सांगतात.

पण जे केलं गेलंय ते सांगते. ऐंशीच्या दशकात थायलंड-कंबोडिया सीमेवर हाच पेच होता. ख्मेर रूजचे, म्हणजे कंबोडियात आधी राज्य करून लाखोंचे बळी घेतलेल्या गटाचे, उपाशी, हरलेले सैनिक तिथल्या मदतीवर पुन्हा धष्टपुष्ट झाले, हे खरं आहे. मग वाटप करणाऱ्यांनी ठरवलं की शिधा फक्त बायका आणि मुलींच्या हातात द्यायचा. पुरुषांना रांगच नाही. गळती थांबली नाही, कमी झाली. ख्मेर रूजच्या ताब्यातल्या छावण्यांत मात्र मदतवाल्यांना नीट आतच येऊ देत नसत, तिथे या युक्तीचा फार उपयोग नव्हता.

आणि सगळ्याच मदतीची चोरी सारखी होत नाही. तांदूळ, तेल, ताडपत्री, औषधं विकता येतात. गोवराची लस दंडात टोचली की ती कुणी काढून घेऊ शकत नाही. शिजवलेली खिचडी तिथेच खाल्ली की संपली. वर्गात घालवलेले तीन तास कोणी लुटून नेत नाही. नदीकाठच्या माझ्या दोन वर्षांत मला पटलेली गोष्ट ही, की मोठ्या मुलांचा वर्ग ही भरतीविरुद्धची सगळ्यात स्वस्त भिंत आहे. मुलगा रोज वर्गात येत असेल तर तो आला नाही हे दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं. आमच्याकडे एक शिक्षक गैरहजर मुलाच्या घरी संध्याकाळच्या आत जाऊन यायचे. दोनदा त्यांनी मुलगा वाटेतून परत आणला. त्याचा कुठे अहवाल नाही.

२०२५ च्या जूनमध्ये तिथली शिकवण्याची बरीच केंद्रं पैशांअभावी थांबवावी लागली. लहान मुलांचे वर्ग आधी गेले.

निवृत्त_वैद्य

सहमत. हजेरीपट. माझ्या त्या मुलाची हजेरी कुठेच नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवशीही त्याला शोधायला कुणी निघालं नाही.

मुलुंड_पूर्व

"जिथे ताट बघता येत नाही तिथे देऊ नये" असं मी लिहिलं होतं. वर्ग बघता येत नाही, पण हजेरीपट मागता येतो, हे मान्य. माझा पहिला हात तरी पालघरकडेच जाईल. पण काकांच्या वाक्यावर मी सरळ "काका बरोबर आहेत" असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. अफगाणांना पक्ष निवडायला लावणारे दुसरेच कोणी होते. त्याचा भार मी रांगेत उभ्या माणसावर टाकत होतो.

चेंबूरकरीण, पैसे द्यायचे ठरलं तर त्या संस्थेला प्रश्न लिहून विचारा, आणि उत्तर आल्याशिवाय देऊ नका. उत्तर इथे टाका. मलाही वाचायचं आहे.

चेंबूरकरीण

काल सगळ्या जणींना हा धागा वाचून दाखवला. काकांनाही बोलावलं होतं. ते शेवटपर्यंत बसले. नाफकाठ यांचा आठ डॉलरचा भाग आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, परत वाच. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. जाताना विचारलं, "मोठ्या मुलांचा वर्ग म्हणजे किती वर्षांची मुलं?" मी म्हटलं, चौदा-पंधराची. म्हणाले, "माझा नातू चौदाचा आहे."

ठरलं ते असं. २०,००० वसतिगृहाला, कारण तिथल्या मुलींनाही यंदा गरज आहे आणि दोघींनी तो आग्रह सोडला नाही. १८,००० छावणीतल्या मोठ्या मुलांच्या शिकवण्यासाठी, पण आधी पत्र लिहायचं. लाभार्थ्यांची यादी कोण करतं, संस्था स्वतः की मध्ये कुणी मुकादम? वाटप कुणाच्या हाती, त्यात बायका आहेत का? संध्याकाळनंतर छावणीत काय होतं याची तुम्ही माहिती ठेवता का, आणि एखादा मुलगा वर्गात यायचा बंद झाला तर तुम्ही काय करता? शेवटचा प्रश्न काकांनी घालायला लावला.

पत्र मराठीत लिहून झालंय, इंग्रजी मी आज रात्री करते. फोर्टातली_वकील, एकदा नजर टाकाल का? आमच्यातल्या कुणालाच अशा संस्थेला पत्र लिहायची सवय नाही.

फोर्टातली_वकील

पाठवा. शनिवारपर्यंत बघून देते. मराठी मसुदाही सोबत जोडा, इंग्रजीत करताना काकांचा प्रश्न गुळमुळीत होता कामा नये.